तलावाचा काठ निवडणारा

संक्रांतीला मेहरूण तलावावर मी त्याला एकदाच पाहिलं. बोलण्यावरून धुळ्याकडचा वाटला. ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये बसून, भल्यामोठ्या पतंगाच्या ओढीने त्याला पाण्यावर फिरायचं होतं. खिशातला चिमूटभर कापूस तो वाऱ्यावर सोडायचा, नकारार्थी मान हलवायचा आणि पुढच्या काठाला जायचा. तिसरा काठ त्याला पसंत पडला.

मी विचारलं, "भाऊ, पोहता येतं ना?"

"नही. म्हनीसन तं जागा इतली देखीसन निवडी राहिनू."

पतंगाने त्याला झोकात तलावाच्या मध्यावर नेलं आणि वारा पडला. तासभर तो तिथे सासुरवाडीला आल्यासारखा निवांत बसून होता. जीव टांगणीला लागला तो माझा. अखेर उलट्या वाऱ्याने त्याला धुणं धुणाऱ्या बायकांपुढे आणून सोडलं. भिजलेला पतंग झटकत तो मला म्हणाला, "हाई जागा बी वाईट नही."