थांबायची खूण कुणी वाजवली?

भूत, भानामती, करणी... या विषयांवर मी आजवर फक्त चेष्टाच केलीय. आयटीआय केलेला वायरमन माणूस मी, मीटरवर दिसेल तेवढंच खरं मानणारा. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय, पण घडलं तसंच सांगतो.

आमची वडूजची बँड पार्टी. मिक्सर माझ्याकडे, लाइट माझा धाकटा भाऊ संजा बघतो. लग्नसराईच्या तोंडावर, सांगलीकडच्या सुपाऱ्या सुरू व्हायच्या आधी, आम्ही बँडची गाडी गावाबाहेरच्या माळावर नेतो आणि सगळं सामान तपासून घेतो. एकेक माइक, एकेक स्पीकर. गावात केलं तर लोक दगड मारतील.

आमच्यात एक रीत आहे. वरातीत जनरेटर आणि ढोलांपुढे कुणाची हाक कुणाला ऐकू येत नाही. म्हणून गाडीपुढं पोर आलं किंवा वायर खाली लोंबताना दिसली, की मास्तर ट्रम्पेटवर तीन तुटक सूर मारतात. ते ऐकले की जो जिथं असेल तिथं थांबायचं. ढोलाची काठी हवेत असली तर हवेतच. का, म्हणून विचारायचं नाही. नवीन माणसाला आम्ही वाजवण्याआधी हे थांबणं शिकवतो.

हे मास्तर म्हणजे दस्तगीरचाचा, आमच्या पार्टीचा जीव. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, आता साधी शीळही घालता येत नाही. तरी टेस्टिंगला आम्ही त्यांना आणतोच. त्यांचा ट्रम्पेट आता महादू वाजवतो. पार्टीत ट्रम्पेट तेवढा एकच.

त्या दिवशी दुपार कलली होती. चाचा लिंबाखाली खुर्चीवर बसलेले. ट्रम्पेटची पाळी शेवटी, म्हणून तो पेटीत बंद, माझ्या पायाशी. महादू शेजारी चहा पीत उभा. ढोलांचे माइक चालू, सगळा माळ दणाणत होता. तिकडं संजा गाडीच्या टपावर लाइटची लोखंडी फ्रेम धरून उभा होता आणि खाली दोघंजण हँडल फिरवून ती वर चढवत होते.

आणि ट्रम्पेट वाजला. तीन तुटक सूर... इतके जवळून, की माझ्या कानांत दडे बसले.

सगळे जागच्या जागी थांबले. हँडल थांबलं, ढोल गप्प.

मी चिडून महादूकडं वळलो. "काय रं, ही चेष्टा करायची येळ हाय व्हय?"

"आवं दादा, माझ्या हातात चहा हाय!" त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात टपावरून संजाचा आवाज आला, "दादा... वर बघ."

फ्रेमच्या टोकापासून हातभर अंतरावर विजेची तार! दरवर्षी आम्ही याच माळावर येतो, इथं कधी तार नव्हती, म्हणून वर कुणी बघितलंच नाही. नव्या बोअरसाठी ओढलेली लाइन होती ती. हँडलला अजून दोन वेढे बसले असते तर... संजाचे दोन्ही हात लोखंडावर होते हो!

फ्रेम हळूहळू खाली घेतली. संजा उतरला आणि मला मिठी मारून लहान पोरासारखा रडला. मीही रडलो, लाज कसली?

मग पेटी बघितली. कडी लावलेली. आत ट्रम्पेट फडक्यात गुंडाळलेला, ठेवला होता तसाच. मिक्सरवर त्याचा माइकसुद्धा बंद.

मी चाचांना पाणी द्यायला गेलो — आणि तांब्या हातातून निसटला. त्यांच्या ओठांवर गोल, लालभडक वळ उठला होता. ट्रम्पेट जोरात दाबून वाजवला की उमटतो तसा.

डॉक्टर म्हणाले, काहीतरी चावलं असेल. बरं, चावलं. मग सूर कुठून आले? मी मीटर घेऊन वायरन् वायर तपासली, काही सापडलं नाही. कुणाला कारण सापडलं तर खरंच सांगा, मी हात जोडून ऐकेन.

चाचांना मात्र मी तिथंच, लिंबाखाली विचारलं होतं, "आवं चाचा, तुमी वाजवलंसा व्हय?"

त्यांनी डावा हात ओठांवरच्या वळावर टेकवला. मग अडखळत, एकेक शब्द जोडत म्हणाले, "तिसरा... जरा उतरला रं. दम पुरला न्हाई."