उकंडराव मास्तरांची साक्ष

उकंडराव मास्तरांना कोणी काहीही सांगितलं की ते आधी विचारत, "पाह्यलं का आयकलं?" सांगणारा वर्गातला विद्यार्थी असो, शेजारची म्हातारी असो की दौऱ्यावर आलेला साहेब. समोरच्यानं "पाहिलं" म्हटलं, तर "किती खेपा?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. अकोल्याच्या शाळेत मी रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यात, मोर्णेला पूर आलाय, पलीकडची मुलं आज यायची नाहीत, असं मी त्यांना म्हणालो. त्यांनी तो प्रश्न केला. मी नुसतं ऐकलं होतं. ते उठले, तडक नदीवर जाऊन आले आणि म्हणाले, "घोट्याइतकं पानी हाय. पोरं येतीन." मुलं आली. मला मात्र दिवसभर त्यांचा राग आला होता.

मी पुण्याकडचा. माझ्या कानाला त्यांचं वऱ्हाडी बोलणं सुरुवातीला भांडल्यासारखंच लागे. त्यांचं घर दर्यापूरकडच्या एका कुणब्याचं. तरुणपणी ते जमीनमोजणीच्या साहेबाकडे साखळी धरायला होते. त्या साहेबाच्या पेटीतली पुस्तकं त्याच्याच मदतीनं वाचून इंग्रजी शिकले आणि शाळेत पदार्थविज्ञान शिकवायला लागले. अंगानं काटक, डोक्याला पांढरा रुमाल, बोटांना कायम खडू. मी मराठी आणि गणित शिकवीत असे. आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये एक कुडाची भिंत होती, त्यामुळे त्यांचा प्रत्येक तास मी ऐकला आहे.

पुस्तकातली व्याख्या ते पाठ करून घेत नसत. लोट्याच्या तळाशी कोरडा कागद कोंबायचा, लोटा पालथा करून पाण्याच्या घंगाळात सरळ दाबायचा, वर काढायचा. कागद कोरडाच. "आता सांगा, पानी आत काहून नाई गेलं? आत कोन बसलं होतं?" मुलं "वारा, वारा" म्हणून ओरडत. "मंग वाऱ्यालेही जागा लागते. जे जागा अडवते अन् ज्याले वजन हाय, तो पदार्थ." एकदा गारा पडल्या तेव्हा सगळा वर्ग घेऊन ते अंगणात धावले. गारांनी भरलेलं मडकं झाकण लावून तोललं, गारा वितळल्यावर पुन्हा तोललं. वजन तेवढंच, पण पाणी मडक्यात खाली बसलेलं. "रूप बदललं, जागा कमी झाली, वजन हाललं नाई," म्हणाले, आणि मुलांपेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला. ज्या तागडीवर हे सारं चाले ती त्यांनी एका सोनाराकडून जुनी मागून आणली होती. ती ते कोणाला उचलू देत नसत.

त्याच वर्षांत अमेरिकेत लढाई पेटली होती आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता. आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला अशी मागणी आली की अकोल्याच्या रस्त्यांवर गाड्यांना गाड्या लागत. रुईचे तंतू हवेत उडत, वर्गात मुलांच्या केसांवर येऊन बसत. वेचणीच्या दिवसांत निम्मे बाक रिकामे राहत. आणि मागणीबरोबर लबाडी आली. कोणी गाठोड्यात वाळू घाली, कोणी सरकी, कोणी पाणी शिंपडून वजन वाढवी. विलायतेतून तक्रारी आल्या. सरकारनं भेसळीला तुरुंगाची शिक्षा ठेवली आणि बाजारावर एक तपासनीस साहेब नेमला.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्या तपासनिसाचा शिपाई शाळेत आला. पूर्णेकाठच्या एका गावचा चंद्रभान नावाचा शेतकरी पहाटे बाजारात आला होता. त्याच्या गाडीतला कापूस साहेबाच्या हाताला दमट लागला होता. चंद्रभान शपथा घेत होता की पाण्याचा थेंब घातलेला नाही, रात्री नदीकाठी मुक्काम केला एवढंच. साहेबाला पुरावा हवा होता, आणि तागडीवाला मास्तर गावात एकच होता.

उकंडरावांनी तो कापूस तोलला. दिवसभर उन्हात पसरून ठेवला आणि तिसऱ्या प्रहरी पुन्हा तोलला. शेरामागे छटाकभर वजन उतरलं होतं. म्हणजे तेवढं पाणी कापसात होतं, यात शंका नव्हती. त्यांनी मला बोलावून जबानी लिहायला सांगितली, कारण माझं अक्षर चांगलं. त्यांनी सांगितलेलं शेवटचं वाक्य मला आजही शब्दश: आठवतं: "हे पाणी कदाचित बाहेरून घातलेलं असावं."

मी लेखणी थांबवली. म्हणालो, "उकंडराव, साहेबापुढे 'कदाचित' काय म्हणता? शास्त्राचा माणूस तुम्ही. ठाम बोला, नाहीतर शाळेची शोभा होईल."

त्यांनी तागडीकडे पाहिलं. "पानी तं होतंच," पुटपुटले. "दुसरीकडून कुठून येईन?"

मी तो शब्द खोडला. त्यांनी सही केली. कचेरीत ती जबानी वाचून दाखवली गेली आणि चंद्रभानला सहा महिन्यांची शिक्षा झाली. कापूस जप्त झाला. त्या दिवशी शाळेत आमच्या मास्तरांचा सगळ्यांना अभिमान वाटला. मलाही वाटला.

आठ-दहा दिवसांनी वर्ग चालू असताना एक बाई शाळेच्या ओट्याशी येऊन उभी राहिली. चंद्रभानची बायको, गंगी. डोक्यावर पदर, पायांवर वाटेची धूळ. रडत नव्हती. तिनं सरळ विचारलं, "कापूस तोलनारे मास्तर तुमीच का?"

"व्हय, बाई."

"तुमच्या घरी मीठ कशात ठेवता?"

उकंडराव गोंधळले. "मडक्यात."

"पावसाळ्यात त्याले पानी सुटते का नाई? ते पानी कोन टाकते? तुमची बायको टाकते का?" वर्ग हसला. ती हसली नाही. "माह्या मानसानं कापसाले हात नाई लावला. नदीवर रातभर धुकं होतं. आमची पांघरुनं वली झाली होती. मंग कापूस कोरडा कसा राहीन? हे तुमी इचारलं नाई. कोनीच इचारलं नाई."

एवढं बोलून ती निघून गेली. उकंडरावांनी उरलेला तास घेतला नाही. मी कुडाच्या फटीतून पाहिलं तर ते खुर्चीवर बसून होते. मग ते मुलांना म्हणाले, "मी एकच खेप तोललं. एकच खेप."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वत:च्या शेतातला, कोणी पाण्याजवळही न नेलेला कापूस आणला. त्यातला मोजून शेरभर जाळीत घालून शाळेच्या पडवीत टांगला. रोज सूर्योदयाला तोलायचा, दुपारी उन्हात तोलायचा आणि दोन्ही वजनं खडूनं भिंतीवर लिहायची. पौष गेला, माघ गेला. भिंत छातीपासून वरपर्यंत भरली. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी फरक नावालाच पडे. धुक्याच्या सकाळी तोच कापूस जड होई आणि दुपारी हलका. कधी अर्धा छटाक, कधी पाऊण. दोन सकाळी तर भरून छटाकभर. कोणीही पाणी घातलेलं नव्हतं. कापूस हवेतलंच पाणी ओढून घेत होता आणि परत देत होता.

त्या दोन महिन्यांत त्यांचं जेवण तुटलं. बोलणंही कमी झालं. एकदा मी समजावू लागलो, "अहो, मुद्दाम चूक केली नाहीत तुम्ही." तर म्हणाले, "मुद्दाम केली असती तं बरं होतं, पंत. लबाड मानसाले तरी ठाऊक असते आपन काय करून राहिलो ते."

फाल्गुनात ते तपासनिसाकडे गेले. मी बरोबर होतो. साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि दुभाष्याकडून विचारलं, "मार्गशीर्षात तुम्ही एक सांगता, फाल्गुनात दुसरं. आम्ही कोणतं खरं धरायचं?"

"दुसरं," उकंडराव म्हणाले. "पैलं एका खेपेवर सांगतलं होतं. हे साठ सकाळी पाहून सांगून राहिलो."

"म्हणजे तो माणूस निर्दोष आहे?"

इथे एक 'हो' म्हटलं असतं तर कदाचित काही झालं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा, हो म्हणा. उकंडराव म्हणाले, "ते मले सांगता येत नाई, साहेब. त्यानं पानी घातलंही असंन, नसंनही. माह्या तागडीवरून ते कळत नाई. तवाही कळत नव्हतं. मी कळते म्हनून सांगतलं, एवढंच माहं खोटं."

साहेब चिडला. म्हणाला, ही गोष्ट बाजारात पसरली तर उद्या प्रत्येक चोर धुक्याचं नाव घेईल. शिक्षा झाली ती झाली, मास्तरांनी शाळेकडे लक्ष द्यावं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "हो म्हणायला काय जात होतं? सुटला असता बिचारा." ते माझ्याकडे असे पाहायला लागले की मी खाली मान घातली. "एकदा न पाहता सांगतलं, पंत. आता पुन्हा न पाहता सांगू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला भिंतीसमोर उभं केलं. "मार्गशीर्षात तुमच्या मास्तरनं एका मानसाले चोर ठरवलं. त्यानं काय पाह्यलं नाई, ते तुमी सांगा." मुलं आधी घाबरली. मग एकेक बोलू लागली. एकदाच तोललं. शेजारी दुसरा, चांगला कापूस ठेवून तोलला नाही. रात्री हवा कशी होती ते विचारलं नाही. शेतकऱ्याचं म्हणणं धरलं नाही. उकंडराव प्रत्येक उत्तराला "बराबर" म्हणत होते. कुडापलीकडे मी ऐकत होतो. खोडलेल्या शब्दाबद्दल मुलांना ठाऊक नव्हतं. मी उठून पलीकडे गेलो नाही.

ज्येष्ठात चंद्रभान सुटला. आम्ही दोघं तुरुंगाच्या दाराशी उभे होतो. गंगीही होती, थोडी दूर. चंद्रभान बाहेर आला तेव्हा त्याचे गाल बसले होते आणि तो उजेडाला डोळे मिचकावत होता. तो आत असताना त्याचा बाप वारला होता. अग्नी द्यायला मुलगा जवळ नव्हता, पुतण्यानं दिला.

उकंडरावांनी रुमाल काढून हातात घेतला. "चंद्रभान, माहं चुकलं. मले ठाऊक नव्हतं, तरी ठाऊक हाय म्हनून मी सांगतलं."

चंद्रभाननं त्यांच्याकडे नीट पाहिलं. आवाज चढवला नाही. "आता सांगून माहा बाप पाह्याले भेटते का, मास्तर?" आणि तो गावाच्या वाटेला लागला.

त्याच आठवड्यात उकंडराव त्या गावी गेले आणि चावडीत सगळ्यांसमोर तेच बोलले. चंद्रभान आला नव्हता. मी होतो, पाटलाच्या शेजारी, सतरंजीवर. जबानी कोणी लिहिली असं कोणी विचारलं नाही. परत येताना मी म्हणालो, "तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत."

"सही माही होती," ते म्हणाले.

चावडीतलं बोलणं कचेरीत पोचलं. पावसाळा संपायच्या आत त्यांची बदली बाळापूरला, खालच्या इयत्तेवर झाली. अकोल्याच्या पडवीतली ती आकड्यांची भिंत नव्या मास्तरनं चुन्यानं रंगवून घेतली. बाळापूरला मी वर्षातून एकदोनदा जात असे. ते पहिलीच्या मुलांना खडे मोजायला शिकवीत होते. तक्रार नव्हती, पण हसणंही पूर्वीचं राहिलं नव्हतं. एकदा मी विचारलं, "चंद्रभानला एकदा खरं काय ते विचारलं का नाही तुम्ही? घातलं होतं का पाणी?"

"विचारायचा हक राह्यला नाई," म्हणाले. मग पुन्हा, "रोज वाटते विचारावं. तुमाले सांगतो पंत, रोज वाटते."

चौथ्या वर्षी पटकीची साथ आली आणि त्यात ते गेले. निरोप मिळाला तसा मी निघालो, पण पोचेपर्यंत नदीकाठी सगळं आटोपलं होतं. त्यांच्या घराच्या ओट्यावर दहाबारा माणसं बसली होती. जरा बाजूला, लिंबाच्या सावलीत, गंगी उभी होती. पूर्णेकाठापासून चालत आली होती. मला तिनं ओळखलं.

मी जवळ गेलो. विचारलं, "चंद्रभानला कळलं का?"

"सांगतलं त्याले."

"आला नाही?"

तिनं पदर सारखा केला. "नाई आला. गाडी जुपली, वेशीवरून पुन्हा फिरवली." मग ओट्याकडे पाहून म्हणाली, "पन मी निंगाली तं मले 'जाऊ नको' नाई म्हनला."