भिवराबाईचा दिवा

ओढ्याच्या अलीकडे माझं घर, पलीकडे भिवराबाईचं. दिवाळी सरली की तिचा अजिनाथ आणि सून सुरेखा ऊसतोडीला जायचे. मागे म्हातारी, तीन शेळ्या आणि तिचा हट्ट. फोन तिला नकोच होता. "त्याच्यात माणसाचं तोंड दिसत न्हाई," म्हणायची.

अजिनाथ वायरमनचा कोर्स शिकलेला. नोकरी काही लागली नाही, पण हात गप्प बसत नव्हते. त्यानं तळहाताएवढा कॉम्प्युटर आणून मीटरशेजारी बसवला. घरातला दिवा लागला, पंखा बंद झाला, की कर्नाटकातल्या उसाच्या फडात त्याच्या मोबाइलवर दिसायचं, तिथून चालू-बंदही करता यायचं. भिवराबाई साऱ्या वस्तीला सांगायची, "पोरगं तिकडून ध्यान ठेवतंय माझ्यावर." त्या कौतुकाला मी हसायचे.

यंदा जाताना त्यानं मला बजावलं, "काकू, तिन्हीसांजेला आईचा दिवा दिसला न्हाई तर जाऊन बघा."

"बघते की. तू जा बिनघोर," मी म्हणाले.

दिवा रोज दिसायचा. तिकडे तोही मोबाइल बघून सुरेखाला सांगायचा, "आई बरी हाय."

पौषात म्हातारीचे गुडघे धरले. बटणापर्यंत जायलाही तिला भिंत धरावी लागते, हे मीच त्याला फोनवर सांगितलं. त्यानं फडातूनच अशी सोय केली की साडेसहाला दिवा आपोआप लागावा आणि रात्री आपोआप विझावा. आईचे कष्ट वाचले. मला हे सांगायचं तेवढं त्याचं राहून गेलं. आणि दिवा दिसला की आई बरी, ही त्याची सवयही सुटली नाही.

एका संध्याकाळी तिच्या शेळ्या फार ओरडत होत्या. मी ओढ्यापलीकडे बघितलं, दिवा होता. मी मेली भाकरी थापायला बसले. दुसऱ्या संध्याकाळीही शेळ्या थांबेनात, तेव्हा ओढा ओलांडला. भिवराबाई रांजणाजवळ पडलेली. अंग गार, हातातला तांब्या कोरडा. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तेवढ्यात वर दिवा लागला. बटणाला कुणाचा हात लागला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, पडल्यावर जीव लगेच गेला नसावा.

दुसऱ्या दिवशी माती झाली. रातोरात आलेला अजिनाथ सुरेखासोबत ओट्यावर बसला होता.

"काकू, दिवा दिसत व्हता ना?"

"दिसत व्हता रे बाबा."

साडेसहाला घरात दिवा लागला आणि त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यानं काढून बघितला आणि सवयीनं सुरेखाकडे वळून म्हणाला, "आई बरी..."

सुरेखानं त्याच्या तोंडावर हात ठेवला.