वलगावपर्यंत एकटी

आधी वहिनीचं सांगते. आज मी घरापासून इतक्या लांब, नाशिककडे एका कारखान्यात पॅकिंगला आहे, खोली घेऊन एकटी राहते, ते तिच्यामुळे. बाकीचं मागून.

आमचं गाव दर्यापूरजवळ. नववीत असताना भरलेल्या जीपमध्ये एकदा माझा श्वास कोंडला, हातपाय गार पडले. मरतेच आता, असं वाटलं. मग रोज तेच. जीप भरत आली की मी उतरून घरी. घरच्यांना वाटलं, पोरीला शाळेचा कंटाळा आहे. शाळा सुटली ती सुटलीच.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी घराबाहेरच पडत नव्हते. दादाच्या मागे लागून तिनंच मला अकोल्याला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी सावकाश श्वास घ्यायला, मुठी आवळून सैल सोडायला शिकवलं. एसटीत मी मुठी आवळत बसले की शेजारची बाई विचारायची, "काहून वो, पोटात दुखून राहिलं का?" वहिनी म्हणायची, "नाई वो मावशी, कसरत चालू हाय तिची."

वहिनी शेजारी असली की मला काही व्हायचंच नाही. डॉक्टर म्हणाले, छान सुधारणा आहे. आम्हीही खूश. बाईमाणसानं सोबतीशिवाय निघायचं नाही ही आमच्याकडची रीत, त्यामुळे एकटीनं जाऊन पाहावं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली आणि मी पुन्हा जीपमधून उतरून परत. तिथंही किती दिवस वाया गेले.

मग अमरावतीच्या समुपदेशक बाई भेटल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आणि सोबत नसली तर?" मला रडूच आलं. त्यांची रीत वेगळी. ज्याची भीती तेच थोडं थोडं करायचं, आणि भीती आली तरी उतरायचं नाही, ती ओसरेपर्यंत बसायचं. आधी नुसतं उभ्या जीपमध्ये. मग अमरावतीहून जवळच्याच वलगावपर्यंत जाऊन यायचं, एकटीनं.

त्या दिवशी जीप भरत आली तशी मी म्हटलं, "वहिनी, तू बी बस नं."

ती लेकराला कडेवर घेऊन खाली उभी होती. "मी बसलो तं तुमी जलमभर माहा पदर धरून राहसान, ताई. जा."

आणि पाठ फिरवून रसवंतीकडे चालू लागली. लेकरू तेवढं तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत होतं. मी सीटचा दांडा धरून बसले. वलगाव यायच्या आधीच छातीतली धडधड कमी होत गेली.

भीती आजही येते, मी उतरत नाही एवढंच. शाळेचं वाईट वाटतं. त्याहून जास्त वहिनीचं. तिला दर्यापूरला शिवणाचा क्लास लावायचा होता, तो माझ्या फेऱ्यांत राहून गेला. माहेरून आणलेली मशीन चादरीखाली झाकलेली आहे. फोनवर विषय काढला की हसते, "आता कायचा क्लास? अन् माह्यासंग येईन कोण?"

कोणी नाही, वहिनी. एक दिवस मी गावी येऊन तुझी लेकरं सांभाळीन, तुला दर्यापूरच्या जीपमध्ये बसवीन, आणि मी पाठ फिरवीन.