पहिली खुर्ची

दादरच्या आमच्या चर्चमधले एक काका कायम मागच्या दाराशी उभे असतात. शेजारच्या माणसाशी बोलावं तसं देवाशी हळूच काहीबाही बोलतात.

पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले तसे, फादर बारा वयस्कर माणसांचे पाय धुतात. त्यासाठीचं पाणी काका कोमट करतात आणि बाळाच्या आंघोळीचं बघावं तसं कोपर बुडवून बघतात.

यंदा फादरनी हट्टाने त्यांनाच पहिल्या खुर्चीत बसवलं. पाणी दुसऱ्या कुणी आणलं. फादरनी समोर गुडघे टेकले, तेवढ्यात काकांनी सवयीने वाकून पातेल्यात कोपर बुडवलं.

"गार आहे हो फादर. म्हाताऱ्यांना सोसायचं नाही. आलोच!" म्हणत ते पातेलं घेऊन अनवाणीच आत गेले.

फादर तसेच गुडघ्यांवर थांबले. मेणबत्त्यांच्या उजेडात मी त्या खुर्चीकडे बघत राहिले. ती रिकामी आहे असं काही केल्या वाटेना.