आबांच्या पाठीतली चरबी

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दमा होता. पलटणीतून पेन्शनवर आल्यावर तो फारच बळावला. कोरेगावच्या एका डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या आणि दोन दिवसांत आबा पाठ टेकून झोपू लागले. चिठ्ठी पंधरा दिवसांचीच होती. पण मी त्याच गावात शिक्षिका होते. पुढची पाच वर्षं शाळेतून येताना त्या गोळ्या मीच आणत गेले, त्याच जुन्या चिठ्ठीवर. दुकानदारानं कधी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

आबांचा चेहरा गोल झाला, पोट सुटलं. "पेन्शन मानवली की," लोक म्हणत. मलाही बरं वाटायचं.

एका सकाळी ते बाजारातून आले तर एक पाय अनवाणी.

"आबा, चप्पल कुठाय?"

त्यांनी खाली पाहिलं. "कवा गेली गं? कळलंच न्हाई."

तळव्यात काटा मोडून रक्त येत होतं. तेही त्यांना कळलं नव्हतं.

महिन्याभरात भिंत धरल्याशिवाय त्यांना उठता येईना. मी त्यांना मिरजेला नेलं. तिथं पाठीत औषध टोचून फोटो काढले. औषध पाठीच्या मध्यावरच अडलं होतं. "गाठ असावी. उघडून बघावं लागेल," सर्जन म्हणाले. ऑपरेशन चाललं तोवर मी बाकावर बसून होते. गाठ म्हणजे कॅन्सर, एवढंच मला ठाऊक.

सर्जन बाहेर आले. "गाठ नव्हती. मणक्याच्या पोकळीत नुसती चरबी साठली होती, तिनं नसा दाबल्या. मी हे पहिल्यांदाच बघतोय." मग म्हणाले, "गोळ्या कसल्या चालू होत्या?"

"दम्याच्या, पाच वर्षं," म्हणत मी पर्समधली पुडी काढून दिली. त्यांनी ती उघडून पाहिली.

"या स्टेरॉइडच्या गोळ्या. यांनी अंगावर चरबी चढते, पाठीतही यांनीच साठली असणार. कुणी दिल्या इतकी वर्षं?"

"मी," मी म्हणाले.

गोळ्या एकदम थांबवणं धोक्याचं होतं. अर्धी, पाव करत कमी केल्या. आबा काठी घेऊन चालू लागले. डावं पाऊल बधिरच राहिलं. आणि दमा परत आला.

मी एकदा त्यांची माफी मागितली.

"येडी का काय? पाच वर्सं सुखानं श्वास घेतला की, तुज्यामुळं," ते म्हणाले. एवढं बोलताना दोनदा थांबले. मी वाफेचं पाणी ठेवायला उठले, त्यांच्याकडे न बघता.