काचेतल्या बिया

अंगणवाडीत सफरचंदाचा आठवडा घ्या, असं हिंगणघाटच्या प्रशिक्षणात सांगितलं तेव्हा मी मागच्या खुर्चीत बसून सरळ तोंड वाकडं केलं. आमच्या अल्लीपूरकडच्या पोरांच्या परसात सीताफळ आहे, बोर आहे, शेतात वांग्यांचे ढीग आहेत. आणि शिकवायचं काय, तर काश्मीरचं फळ! पण वरून आलेलं करावंच लागतं. बाजारातून चांगली लाल बघून सहा सफरचंदं आणली आणि सोमवारी सकाळी सतरा पोरांसमोर ताटात मांडली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सेप!" सगळी ओरडली. लगेच एकजण गंभीर होऊन म्हणाला, "बाई, कोन बिमार हाये?"

मी हसले. पोरं मात्र हसली नाहीत, सगळी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. यांच्या घरी सेप येतं ते दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना, पिशवीतून. एरवी कोण आणतं? प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात माझ्याजवळ बसलेली साडेचार वर्षांची पोर उठली. ताटावरची नजर न काढता म्हणाली, "माही माय बिमार हाये का?"

तिची आई पंधरा दिवसांपासून वर्ध्याला दवाखान्यात होती. दिवस भरायच्या आधीच बाळंत झालेली, आणि बाळ इतकं लहान की काचेच्या पेटीत ठेवलेलं. पोरीला सगळ्यांनी सांगितलं होतं, माय बाळ आणायला गेली. सगळ्यांनी म्हणजे मीसुद्धा. त्यात आईनं हट्ट धरला होता की बाळाला पेटीतून काढा, मी घरी नेऊन सांभाळते. डॉक्टर म्हणत होते, आत्ता नेलं तर बाळ हाती लागणार नाही. नवऱ्याचं ती ऐकत नव्हती. दोन दिवस मी फोनवर तिला समजावलं, वजनाचे आकडे सांगितले, शेवटी रागावलेही. तिनं फोन ठेवून दिला. उद्या सकाळी सही करून बाळाला घेऊन निघते, असं तिचं ठरलं होतं.

पोरीपुढे आणखी खोटं बोलणं मला जमेना. "माय बरी आहे गं," मी म्हटलं. "बाळ फार लहान आहे, म्हणून त्याला काचेच्या पेटीत ठेवलंय."

ती परत ताटाकडे बघायला लागली. मी ठरलेलं काम सुरू केलं. टबात पाणी भरून आधी खडा टाकला, तो बुडाला. मग सफरचंद टाकलं, ते खाली जाऊन टुणकन वर आलं. एवढं मोठं फळ तरंगतं म्हणून पोरांनी टब डोक्यावर घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. मग मी एक सफरचंद आडवं कापलं. दोन फाका उघडल्या आणि पोरं एकदम ओरडली, "चांदनी!"

खरं सांगते, मीही ते पहिल्यांदाच बघत होते. पन्नाशी उलटली, पण सफरचंद कायम उभंच कापत आले. मधोमध नेटकी पाच टोकांची चांदणी बसलेली असते, हे मला माहीतच नव्हतं.

ती पोर मात्र चांदणी बघत नव्हती. तिनं एक बोट आत घातलं आणि हळूच म्हणाली, "बाई, यायची पन पेटी हाये."

"कोणाची?"

"बियायची. काचेची."

मी चष्मा सावरून फाक डोळ्यांजवळ नेली. पाच टोकं म्हणजे पाच खोल्या, आणि प्रत्येक खोलीला आतून पातळ, चकचकीत, आरपार दिसणारा पडदा. त्यात एकेक बी निजलेली. चार बिया तपकिरी, भरलेल्या. एक पांढरट, चपटी, राहून गेलेली. पोरीनं तिला नखानं हलवून पाहिलं.

"हे झाली नाई अजून," ती म्हणाली. दोन्ही फाका तिनं पुन्हा एकमेकींवर बसवल्या आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरल्या. "उघडू नोको, बाई."

मी आणखी दोन सफरचंदं कापली, त्यांच्या फाका बाकीच्या पोरांनी रंगात बुडवून जुन्या वर्तमानपत्रांवर ठसे उमटवले, भिंतीवरही उमटवले. ही कोपऱ्यात सफरचंद धरून बसली. मदतनीस बाईंनी ते मागितलं, पोरीनं दिलं नाही. बावीस वर्षं मी आयांना बाळाची वाढ समजावून सांगते आहे, तक्ते दाखवते आहे. या पोरीनं तक्ता पाहिला नव्हता, पेटी पाहिली नव्हती, बाळही पाहिलं नव्हतं. तरी तिला कळलं होतं.

मी तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. आईचा चेहरा सुजलेला होता. या वेळी मी आकडे सांगितले नाहीत, जे माझ्यासाठी सोपं नव्हतं. पोरीचे हात अडकलेले, म्हणून फोन मीच तिच्यासमोर धरला.

"माय," ती म्हणाली, "बाळ झालं नाई अजून. पेटी उघडू नोको देजो."

"काय म्हनून राह्यली तू?"

पोरीनं फाका जराशा विलग केल्या, पांढरी बी फोनला दाखवली आणि लगेच मिटल्या. "हे पाह्य. पांढरी हाये. अजून आतच राहू दे."

आईनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली, इतकी की तिचा आवाज अंगणवाडीच्या व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल असं मला वाटलं. पोर हलली नाही, तिनं हात सैल केले नाहीत. शेवटी आईनं डोळे पुसले. आमच्याकडे लेकीलाही लाडानं माय म्हणतात. तिनंही म्हटलं, पण मान खाली घालून, मोठ्या माणसाचं ऐकावं तसं.

"बरं माय. नाई उघडू देत."